समोरच्या फळीत मामा

रग्बी मी आयुष्यात एकच पावसाळा खेळलो, आणि चांगला खेळलो. हे आधीच सांगून टाकतो. आमच्या पिढीतल्या लोकांना स्वतःबद्दल चांगलं बोलताना उगाच अवघडल्यासारखं होतं; मला ते कधी झालं नाही. मैदानावर मी काय करू शकतो आणि काय नाही, हे मला अठराव्या वर्षी नीट माहीत होतं. बाकीच्या गोष्टी कळायला वेळ लागला.

द्विभाषिक राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. मी परळच्या बाजूच्या एका कॉलेजात इंटरला होतो आणि लालबागच्या आमच्या चाळीतून चालत जायचो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. कॉलेजात माझी ओळख एकच, हुतुतूच्या संघातला. आमचा संघ नावाजलेला. परळ, काळाचौकी, नायगाव इथली पोरं, चालायला लागल्यापासून कुणाचा ना कुणाचा घोटा धरत वाढलेली.

जूनच्या शेवटी व्यायामाचे सर चामड्याचा एक लंबगोल चेंडू काखेत घेऊन आले. सर साताऱ्याकडचे, लष्करातून हवालदार-मेजर म्हणून निवृत्त झालेले. फोर्टातल्या एका साहेबी क्लबात दर पावसाळ्यात रग्बीचे सामने व्हायचे. साहेब लोक एकेक करून मायदेशी चालले होते, संघ कमी पडायला लागले होते, तेव्हा क्लबाच्या सेक्रेटरीने सरांना विचारलं, तुमच्या कॉलेजाचा संघ मिळेल का? सर म्हणाले, मिळेल. आमच्यातल्या एकानेही रग्बी पाहिलेली नव्हती, हे सरांनी त्याला सांगितलं नाही.

“असोल्या नारळासारखा आहे,” चेंडू हातात घेऊन मी म्हणालो.

“नारळच समज,” सर म्हणाले. “तो घेऊन पळायचं. समोरचा आडवा आला तर चुकवायचा, नाहीतर त्याच्या अंगावरून जायचं. पुढच्या गड्याकडे फेकायचा नाही, मागच्याकडंच द्यायचा. शेवटच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवला की तीन गुण. बाकीचं चिखलात कळंल.”

नायगावच्या मैदानात आमचा सराव सुरू झाला. गोलाचे खांब म्हणून गणपतीच्या मांडववाल्याकडून चार लांब बांबू मागून आणले आणि दोन आडवे बांधले. सकाळी गिरण्यांचे भोंगे वाजायच्या आत आम्ही चिखलात लोळलेले असायचो. माणूस आडवा पाडायचं आम्हाला शिकवावं लागलं नाही. पळणाऱ्याच्या पायात सूर मारून त्याला धरायचं, हे तर हुतुतूच होतं, फक्त दम धरून हुतुतू म्हणत राहायचं नाही. शिकावी लागली ती जुंपणी. हा सरांचाच शब्द. पुस्तकात त्याला स्क्रम म्हणतात. आमचे आठ आणि त्यांचे आठ, खांद्यात खांदे गुंतवून, डोकी एकमेकांच्या डोक्यांमध्ये घालून, बैलांसारखे एकमेकांना ढकलणार. मध्ये चेंडू टाकला जाणार आणि पहिल्या फळीतल्या मधल्या माणसाने तो टाचेने मागे ओढायचा. त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या गळ्यात अडकलेले, मान समोरच्याच्या मानेला चिकटलेली, मोकळे फक्त पाय. ही जागा माझी. मी बारीक होतो, पण माझी मान बळकट आणि पाय चपळ होते.

आमचा कप्तान नायगावच्या चाळीतला. त्याचे वडील कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी उचलायचे. मागल्या हिवाळ्यात त्यांच्या सगळ्या घराने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून तो ताठ चालायला लागला, असं कॉलेजातले काही जण म्हणत. चूक. तो आधीपासूनच ताठ चालायचा. लोकांचं लक्ष उशिरा गेलं. जुंपणीत चेंडू टाकायचा आणि मी मागे काढला की उचलून पळायचं, हे त्याचं काम. त्यामुळे त्या पावसाळ्यात आम्ही दोघं सतत बरोबर असायचो.

माझ्या उजव्या हाताला जुंपायचा तो गिरगावचा. त्याच्या वडिलांची खानावळ होती आणि ते त्याच्याकडे बघूनच कळायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तो पंधरा दिवस तुरुंगात जाऊन आला होता आणि तिथल्या डाळीची चव अजून जिभेवरून गेली नाही म्हणायचा.

पहिला सामना साहेबांच्या कचेऱ्यांच्या संघाशी. चाळीस गुणांनी हरलो. आम्ही अनवाणी खेळलो होतो आणि त्यांच्या बुटांखाली आमच्या पायांच्या बोटांचा चेंदा झाला.  चार दिवसांनी सरांनी त्यांच्या जुन्या पलटणीतून लष्करी बुटांचं एक पोतं आणलं. एकाचंही माप धड नव्हतं. वडिलांनी गिरणीतून टाकाऊ सुताचे बोळे आणून दिले, ते पुढे कोंबून आम्ही बूट घालायला लागलो. दुसऱ्या सामन्यात नौदलाच्या खलाशांशी हरलो, पण शेवटपर्यंत ते आमच्याकडे वळूनवळून बघत होते. तिसऱ्यात आगीच्या बंबवाल्यांना हरवलं. चौथा सामना पोलिसांशी होता. तो जिंकला तर उपांत्य फेरी.

आता मामाबद्दल सांगायला हवं.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. मालवणकडून मुंबईला आला तो आमच्याच खोलीत. सहा वर्षं आमच्या गॅलरीत झोपला, आईच्या हातचं जेवला आणि संध्याकाळी मला चाळीमागच्या पटांगणात नेऊन हुतुतू शिकवला. घोटा कसा धरायचा, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे गुडघ्याकडे बघून कसं ओळखायचं, हे सगळं त्याचं. मग तो पोलिसात लागला, लग्न झालं, नायगावच्या पोलीस लाइनीत खोली मिळाली. तरी रविवारी माशांची पिशवी घेऊन यायचाच.

दीड वर्षापूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत पोलिसांनी गोळीबार केला. आमच्या चाळीतला, तळमजल्यावरचा एक माणूस कामावरून येताना नाक्यावर गोळी लागून गेला. त्याचा कशातही भाग नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी चाळ त्याच्या दाराशी बसलेली असताना, मामा आमच्या जिन्यावरून वर आला. दोन दिवस बंदोबस्तावर होता, तिथून थेट आलेला, अंगात खाकी. आम्ही धड आहोत ना, एवढंच बघायला आला होता. आई दारात उभी राहिली.

“ह्या कपड्यांत माझ्या घरात येव नको,” ती म्हणाली.

 मामा टोपी काखेत धरून जिना उतरून गेला. अख्ख्या चाळीने त्याला जाताना पाहिलं आणि कुणी वाट द्यायला पाय आखडले नाहीत. तो लोकांच्या मधून मधून, एकेक पाऊल शोधत गेला. त्यानंतर तो आला नाही. आईनेही बोलावलं नाही. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने गॅलरीत जाऊन चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. वडील पाटावर बसून बघत होते. 

पोलिसांशी सामना ठरला तेव्हा कप्तान मला म्हणाला, “चल, त्यांचा सराव बघून येऊ.” आम्ही पोलीस मैदानाच्या भिंतीवर हात टेकून आत डोकावलो. दांडगी माणसं, बहुतेक आमच्याच बाजूची, कोकणातली नाहीतर घाटावरची. जुंपणी लागली. पहिल्या फळीत, बरोबर मधोमध, मामा.

मी भिंतीवरून खाली उतरलो.

“काय रे?” कप्तान म्हणाला.

“तो मधला माझा मामा आहे. सख्खा.”

त्याने परत वर चढून नीट पाहून घेतलं आणि उतरून हात झटकले. “चांगला आहे. पाय लवकर टाकतो. तुझ्यापेक्षा चांगला आहे.”

“तेवढं काही नाही,” मी म्हणालो.

“तुला खेळायचं नसेल तर आत्ता सांग. दुसरा माणूस तयार करायला मला आठ दिवस लागतील.”

“मी खेळणार,” मी म्हणालो. खरं तर संघात त्या जागेला दुसरा माणूस नव्हता आणि आठ दिवसांत तयारही झाला नसता. पण त्याने विचारलं, हे मला आवडलं.

अडचण दुसरीकडूनच आली. पोलिसांशी खेळायचंच नाही, असं अर्धा संघ म्हणायला लागला. कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत, ओले सदरे खुंट्यांवर टांगलेले असताना, बैठक बसली. गिरगावचा उभा राहिला.

“ज्यांनी आपल्या माणसांवर गोळ्या चालवल्या, त्यांच्या गळ्यात गळे घालायचे? मी नाही घालणार.”

चारपाच जणांनी टेबल वाजवलं. सर दाराशी उभे होते, पण हे पोरांनीच मिटवावं असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. कप्तान बसूनच बोलला. तो आवाज चढवायचा नाही.

“गळ्यात गळे कोण घालायला सांगतंय? खांद्याला खांदा लावून ढकलायचंय. आणि नाही गेलो तर काय होईल? कागदावर एवढंच लागेल, कॉलेज आलं नाही, पोलीस जिंकले. का आलं नाही, ते कुणी लिहिणार नाही.” मग थोडं थांबून म्हणाला, “आमच्या आज्यापणज्यांनी लय काळ बाहेर उभं राहून बघितलं. विहिरीच्या बाहेर, देवळाच्या बाहेर. मी आपल्या पायाने मैदानाबाहेर उभा राहणार नाही. ज्याला यायचं नाही त्याने आज सांगावं. उद्या नाही.”

 बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तिचा आवाज तेवढा येत होता.

“खेळतो,” शेवटी गिरगावचा म्हणाला. “पण हात मिळवणार नाही.”

“नको मिळवू,” कप्तान म्हणाला.

चाळीतही कुणकुण लागली होती. चाळीच्या गणपती मंडळाच्या पोरांनी मला जिन्यात अडवलं, पोलिसांबरोबर खेळतोस म्हणे. मी म्हणालो, बरोबर नाही, विरुद्ध. बघायला या. आईला मात्र मी मामाचं काही सांगितलं नाही. सामना आहे, एवढंच सांगितलं.

सामन्याच्या दिवशी मंडळाची पोरं आली, आणि त्यांच्यामागे निम्मं लालबाग आलं. मैदानाला रस्त्याच्या बाजूने कठडा होता; त्याला लागून चारपाचशे माणसं छत्र्या घेऊन उभी. साहेबांच्या त्या मैदानाने एवढी गर्दी कधी पाहिली नसावी. आम्ही आत उतरताच घोषणा सुरू झाल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! पोलिसांच्या संघातले काही जण खाली बघत होते. एकाचे ओठ हललेले मी स्वतः पाहिले, घोषणेबरोबर.

पहिली जुंपणी लागली. मी डोकं आत घातलं आणि मामाची मान माझ्या मानेला लागली. दीड वर्षाने आम्ही एवढे जवळ आलो होतो. त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास तोच होता.

“झिला,” माझ्या कानात हळूच आवाज आला, “मान वर धर. खाली घातलंस तर मोडात.”

 चेंडू आत पडला आणि माझा पाय उठायच्या आत त्याने तो मागे ओढलासुद्धा.

पहिला अर्धा भाग त्याचाच होता. मला सांगायला कमीपणा वाटत नाही, त्याने मला खेळवलं. दर जुंपणीत चेंडू त्यांच्याकडे जायचा, आणि प्रत्येक वेळी आत डोकं घालताना तो तेच पुटपुटायचा, मान वर, मान वर. त्यांचा एक आडदांड गडी दोनतीन जणांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला आणि ते तीन गुणांनी पुढे गेले. गिरगावच्याने रागाने एकाच्या बरगडीत गुद्दा मारला. रेफरीने त्याला ताकीद दिली आणि सरांनी कडेवरून अशी शिवी दिली की कठड्यावरची माणसंही गप्प झाली.

मध्यंतरात लिंबाची फोड चोखत कप्तान माझ्याजवळ बसला. “काय करतोय तो?”

“माझ्याआधी पाय टाकतोय.”

“ते मलाही दिसतंय. कसं कळतं त्याला?”

मी विचार केला. मग मला माझंच हसू आलं. त्याने मला जे शिकवलं होतं, तेच तो माझ्यावर वापरत होता. माझ्या गुडघ्याकडे बघून वजन कुठे आहे ते ओळखत होता. आणि त्याचा गुडघाही माझ्या समोरच होता.

“आता मिळेल चेंडू,” मी म्हणालो. “तू तयार राहा.”

दुसऱ्या भागातल्या पहिल्याच जुंपणीत मी चेंडूकडे बघितलंच नाही, मामाच्या उजव्या गुडघ्याकडे बघत राहिलो. तो जरासा आत वळला, आणि मी टाच मारली. चेंडू माझ्या मागे. कप्तानाने तो उचलला, बाहेर फेकला, तीन हातांतून जाऊन तो आमच्या कडेच्या पळणाऱ्याकडे पोचला आणि त्याने तो थेट कोपऱ्यात नेऊन टेकवला. तीन-तीन. कठड्यावर छत्र्या उडाल्या. जादा गुणांसाठी खांबांमधून मारायची लाथ चुकली, चेंडू भिजून दगडासारखा झाला होता. त्यानंतरच्या चारपैकी तीन जुंपण्या मी जिंकल्या. एकदा मामा हसला. म्हणजे त्याचा श्वास तसा बाहेर पडला.

वेळ संपायला आली होती तेव्हा ते झालं. त्यांच्या बाजूच्या एकाचा पाय घसरला आणि जुंपणी खाली कोसळली. माझं डोकं खाली दुमडलं गेलं, हनुवटी छातीत रुतली, आणि पंधरा माणसांचं वजन वरून यायला लागलं. ओरडायला श्वास नव्हता. तेवढ्यात मामाने शेजाऱ्याच्या गळ्यातून आपला हात हिसडून काढला आणि खांदा खाली घालून चिखलात टेकवला. माझ्या मानेवरचं वजन त्याच्यावर गेलं. “सोडा रे! सोडा!” तो ओरडला. मग मला कट्ट असा आवाज ऐकू आला, वाळकी काटकी मोडल्यासारखा.

माणसं बाजूला झाली. मी उठून बसलो. मामा डावा हात उजव्या हाताने धरून गुडघ्यांवर उभा होता, चेहरा पांढराफटक. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं, आणि तो कठड्याजवळून जाताना आमच्या लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. “एक गेला! आणखी येऊ दे!” त्या आवाजांतले दोनतीन मला ओळखीचे होते.

कप्तान माझ्यासमोर वाकला. “मान हलव. डावीकडे. आता उजवीकडे. ठीक आहे?”

“ठीक आहे. पण मामा…”

“त्याला नेलंय. चेंडू आपला आहे. येतोस?”

मी गेलो. हे मी लपवत नाही. त्या काळी बदली खेळाडू नसायचा; ते पंधरांचे चौदाच उरले होते आणि मामाच्या जागेवर जो आला त्याला गुडघा म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. मी चेंडू काढून दिला, कप्तान दोघांच्या मधून निसटला आणि खांबांजवळ जाऊन पडला. सहा-तीन. शिट्टी झाली. पोलिसांचा कप्तान हात पुढे करून आला तेव्हा गिरगावच्याने आधी आमच्या कप्तानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग त्याने हात दिला.

मंडळाच्या पोरांनी मला खांद्यावर घेऊन ट्राममध्ये बसवलं आणि लालबागला परत खांद्यावर उचललं. मी तिथे मामाचं नाव काढलं नाही. मला अजून राग येत होता, पण नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं.

आई स्टोव्हवर भात लावत होती. “जिंकलास मा?” ती म्हणाली.

“जिंकलो. आई, माझ्या समोर मामा होता.”

तिचा हात थांबला.

“त्याचं हाड मोडलं. इथलं. माझी मान अडकली होती, तिच्याखाली त्याने खांदा घातला.”

तिने सगळं एकदा पुन्हा सांगायला लावलं. कुठे होता, काय म्हणाला, कुणी नेलं. मग तिने स्टोव्ह विझवला. “वयनी गावाक गेली गणपतीक,” ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. “कोण रांधता तेका?” तिने डब्यात तांदूळ घेतले, सुक्या बांगड्यांची पुडी घेतली, लुगडं नीट केलं. वडील नुकतेच पाळीवरून आले होते. “खंय चाललंस?” त्यांनी विचारलं.

“भावाकडे,” आई म्हणाली.

“लोक काय म्हणतीत?” वडिलांचा सूर विचारायचा होता, अडवायचा नव्हता.

“तेनी माझ्या झिलाची मान राखल्यान. लोकांनी नाय.”

मी तिच्याबरोबर गेलो. पोलीस लाइनीतल्या बायका दारांतून आमच्याकडे बघत होत्या. मामा खाटेवर बसला होता, बंडी घालून, हात झोळीत बांधलेला. आईला बघून तो उठायला लागला.

“बस,” ती म्हणाली. “कपडे नाय ते तुझ्या अंगात. आता माका बोलता येता.”

तिने पेज टाकली. भिंतीवर खिळ्याला त्याची खाकी टांगलेली होती. तिने ती खाली काढली, घडी घातली आणि पेटीवर ठेवली. मामा तिच्या पाठीकडे बघत बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं.

“त्या दिवशी मी तुमच्या नाक्यार नव्हतंय. माझ्या हातात बंदूक नव्हती, लाठी होती.” तो थांबला. “पण लाठी मी चालवलंय, बाय. खोटा नाय सांगणत. माणसा बघली नाय, नुसती चालवलंय.”

आई बराच वेळ पळीने पेज ढवळत राहिली. मला वाटलं ती उठून निघेल. तिने पेज ताटलीत वाढली, बांगडा भाजून तिच्या कडेला ठेवला आणि ताटली त्याच्यासमोर सरकवली.

“जेव आता,” ती म्हणाली. “थंड जातली.”

त्याला उजव्या हाताने जेवता येत होतं, तरी तिने बांगड्याचे काटे काढून दिले.

पुढे महिनाभर ती एक दिवसाआड तिकडे जायची. चाळीतल्या काही बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नळावर तिचा हंडा मागे ढकलला जायचा; ती तो परत होता तिथे ठेवायची. तळमजल्यावरच्या त्या विधवेकडे मात्र ती स्वतः गेली, काय करतेय ते आपल्या तोंडाने सांगायला. त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. त्या बाईने आईशी बोलणं कधी तोडलं नाही, एवढं मी पाहिलं.

उपांत्य सामना गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात झाला. समोर पुन्हा साहेबांच्या कचेऱ्यांचा संघ, ज्यांनी आम्हाला चाळीस गुणांनी धुतलं होतं. या वेळी आम्ही अकरा-सहा हरलो. दोन वेळा रेषेपलीकडे गेलो, तिसऱ्या वेळी कप्तानाला वीतभर अलीकडे पाडलं. जुंपणीत मी त्यांच्या गोऱ्यापान, नाक मोडलेल्या माणसाला निम्म्याहून जास्त वेळा हरवलं. सामना संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि त्याने इंग्रजीत विचारलं, हे कुठे शिकलास? मी म्हणालो, लालबाग. त्याने मान डोलावली, जणू त्याला ते ठिकाण माहीतच होतं.

रिवाजाप्रमाणे सामन्यानंतर चहा असायचा. साहेबांचा क्लबाच्या व्हरांड्यात, आमच्यासाठी बाहेर मांडवात टेबल. सगळ्या मोसमात आम्ही तिथेच उभे राहून प्यालो होतो. त्या दिवशी कप्तान टेबलाकडे गेलाच नाही. सेक्रेटरी चहा थंड होतोय म्हणून बोलवायला आला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “थँक यू. आम्ही घरी जाऊन पिऊ,” आणि बूट गळ्यात अडकवून रस्त्याला लागला. आम्ही चौदा त्याच्यामागे. सरही.

“घरी म्हणजे कुणाच्या?” ट्रामच्या थांब्यावर मी विचारलं.

“माझ्या,” गिरगावचा म्हणाला. “बापाला सांगून आलोय. पंधरा पानं मांडायची आणि मधे सरांचं.”

त्याच्या वडिलांची खानावळ एका अरुंद गल्लीत होती, जुन्या वळणाची. दाराशेजारी भिंतीवर एक पाटीही असायची, कुठल्या जातीने कुठे बसावं याची. आम्ही आत शिरलो तेव्हा ती पाटी तिथे नव्हती. भिंतीवर तिच्या मापाचा स्वच्छ चौकोन दिसत होता.  सकाळी घरात काय झालं होतं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि ते सांगायचा हक्क त्यांचा आहे.

आम्ही चिखलाचे पाय धुऊन एका रांगेत बसलो. सर मधे, त्यांच्या शेजारी कप्तान, त्याच्या शेजारी मी. वाढप्यांना बाजूला करून गिरगावच्याचे वडील स्वतः भाताचं तपेलं घेऊन आले. जाडजूड माणूस, कपाळावर गंध. कप्तानासमोर आल्यावर ते थांबले.

“तूच का शेवटी पडलास तो?”

“हो,” कप्तान म्हणाला. “वीतभर राहिलं.”

“पुढच्या वर्षी वीतभर जास्त जेवून जा,” ते म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पानात भाताचा असा डोंगर घातला की पलीकडचे सर मला दिसेनात. मग वरण, मग तूप. माझ्या पानाशी तिसऱ्यांदा भात आला तेव्हाही मी नको म्हटलं नाही.